लेझरच्या डोलकाठीतलं पाणी : एका पावसाळ्याच्या नोंदी

१८ मे २०२५, रविवार, सासवणे (अलिबागजवळ)

आज बोट कलंडली. त्यात नवल नाही, लेझर कलंडतेच. एका माणसाची, एका शिडाची होडी. वजन साठ किलोच्या आतबाहेर. दुपारचा खारा वारा अंगात आला की महिन्यातून दोनदा तरी आंघोळ ठरलेली. नेहमीचा शिरस्ता असा : बोट आडवी पडते, डोलकाठी पाण्यावर तरंगत राहते, मी पोहत मागून फिरून डॅगरबोर्डवर (बोटीच्या पोटातून खाली जाणारी फळी) उभा राहतो, वजन टाकतो, बोट उठते. एक मिनिटाचं काम.

आज काठी तरंगलीच नाही. मी फेरी मारून येईपर्यंत टोक खाली गेलं होतं. बोट पालथी होत गेली आणि मध्येच अडकली, कारण काठीचं टोक तळाच्या चिखलात रुतलं. डॅगरबोर्डवर नाचलो, लोंबकळलो, शिव्या दिल्या. पंचवीस मिनिटं. शेवटी परत येणाऱ्या एका मचव्याने पुढच्या बाजूला दोर बांधून वाऱ्याच्या दिशेने हळूहळू ओढलं, तेव्हा सुटली. मचव्यावरचे तांडेल काका आत्याच्या शेजारचेच, त्यामुळे ही गोष्ट गावात माझ्याआधी पोचली.

किनाऱ्यावर शीड उतरवलं. वरची काठी खालचीतून उपसून खांद्यावर घेतली, तर आत पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे धावलं. तेव्हा कुठे उजेड पडला.

काकांनी काठी माझ्याकडून घेतली, कानाजवळ धरून हलवली. "पाणी ते पाणी, पण आत हे खुळखुळतंय काय?" मी म्हटलं, वाळू असेल. त्यांनी मान हलवली, ती होकारार्थी नव्हती.

१९ मे, सोमवार

सुट्टी टाकली. ज्यांना लेझर माहीत नाही त्यांच्यासाठी : ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये काढलेलं डिझाइन, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये. २०१९ पासून या बोटींच्या वर्गाचं नाव आयएलसीए झालंय, माझ्या तोंडात लेझरच बसलंय. डोलकाठी दोन तुकड्यांची. खालची अडीच इंची नळी, वरची दोन इंची. वरचीच्या खालच्या टोकापासून हातभर वर एक प्लास्टिकची कॉलर असते, एका रिव्हेटने बसवलेली. कॉलरपर्यंतचा भाग खालच्या नळीत ओवायचा. शिडाला बाही असते, ती दोन्हींवर झब्ब्यासारखी चढवायची. ना वरून उतरणारे दोर, ना तारा.

वरची नळी दोन्ही टोकांना बुचं मारून बंद केलेली असते. तीच या बोटीची खरी लाइफ जॅकेट. मोजली : लांबी ३.६ मीटर, आतला व्यास ४७ मिमी. म्हणजे पोटात सव्वासहा लिटर हवा. एवढी हवा बोटीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला असते, म्हणून थोडीच असली तरी बोट पालथी होऊ देत नाही. ती गेली की टोक बुडतं. वर उचलताना उलटा मार : काठी पाण्याबाहेर निघाली की तेच पाणी चार-पाच मीटर लांबीच्या तरफेच्या टोकावर टांगलेलं असतं.

काल रात्री काठी ओसरीच्या खांबाला उभी टेकवून खाली पातेलं ठेवलं होतं. कॉलरमधून थेंब थेंब गळत सकाळपर्यंत ७०० मिली जमलं. मग खालचं बूच ठोकून काढलं आणि बाकीचं भडाभडा आलं, राखाडी चिखलासकट. दुधाच्या मापाने मोजलं. एकूण ३.२ लिटर. रिकामी काठी सामानाच्या काट्यावर २.८४ किलो भरली. म्हणजे काठीपेक्षा तिच्यातलं पाणी जड.

आत्या अंगणात येऊन बघून गेली. "गळतंय तर नवीन घे ना. तुला काय कमी आहे?" वरचा तुकडा आता कॉम्पोझिटचाही मिळतो, त्याची किंमत तिला सांगितली नाही.

२५ मे, रविवार

पाऊस कोकणात उतरला आणि उद्या-परवा मुंबईतही येणार म्हणतात. मे महिन्यात! बोट वाडीत उलटी करून, खाली नारळाची चुडतं टाकून झाकली.

काठीच्या वरच्या टोकाच्या बुचाभोवती कुणीतरी केव्हातरी एम-सील फासलेलं होतं, ते पापुद्र्यासारखं सुटलंय. एम-सीलचा दोष नाही, या गुळगुळीत प्लास्टिकला सहसा काही धरतच नाही. पण गुन्हेगार सापडला असं वाटलं. टोकच चिखलात होतं, आतून चिखलच आला, मग वाट तिथूनच. काकांचंही मत तेच. घरात सिलिकॉनची अर्धी ट्यूब होती. वरचं बूच, खालचं बूच, दोन्हीकडे भरपूर फासून परत ठोकून बसवलं. व्हिनेगरसारखा वास ओसरीभर. झालं काम.

(पुढची नोंद वाचायच्या आधी कबूल करतो : गळतीबद्दलचा या नोंदीतला एकही अंदाज बरोबर निघाला नाही.)

१ जून, रविवार

पाऊस थांबलाय. आत्याच्या बंबात पाणी तापवलं आणि पिंपात ओतलं. काठी पिंपात उभी केली, कॉलरच्या वरपर्यंत बुडेल अशी. कल्पना साधी : गरम पाण्याने आतली हवा फुगेल, आणि जिथे फट असेल तिथून बुडबुडे येतील. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच.

खालच्या बुचातून काही नाही. कॉलरखालून बुडबुड्यांची रांग. एकामागोमाग एक, मोहरीएवढे, पाच-सहा मिनिटं.

म्हणजे मी रविवारी जिथे सिलिकॉन फासलं तिथे भोक नव्हतंच. चिखलाचं कोडं मग सुटलं : बोट तिरकी अडकली होती, कॉलरही तळाजवळच्या ढवळलेल्या पाण्यातच होती. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मी पण चुकलो. पण खुळखुळ वाळूची नाही."

आणखी एक गोष्ट डोक्यात घोळतेय. कागदावर मांडून पाहिली. काठी साधारण दोन मीटर खोल असेल तर पाण्याच्या दाबाने आतली हवा सहाव्या हिश्श्याने आकसते. तेवढं पाणी आत शिरतं, म्हणजे एक लिटर, आणि मग दाब सारखा झाला की एका बारीक भोकातून फार काही पुढे जात नाही. पण माझ्या पातेल्यात ३.२ लिटर होतं. उरलेलं दोन लिटर त्या दिवशीचं नाही. ते आधीपासून आत होतं!

एप्रिलपासून बोट "जड चालतेय" असं मी म्हणत होतो आणि दोष शिडाला देत होतो.

मग आधीचं आलं कुठून? माझ्याच शिस्तीतून, असं दिसतंय. बोट वापरून आणली की मी काठी वाळूवर आडवी ठेवतो, कॉलरचा रिव्हेट वर. उन्हात नळी इतकी तापते की हात लावून ठेवता येत नाही. पन्नास अंश धरू. आत हवा फुगते आणि भोकातून निघून जाते. मग मी इमाने इतबारे गोड्या पाण्याचा पाइप तिच्यावर सोडतो, म्हणजे मीठ जायला नको. नळी तीस अंशावर येते, आतली हवा आकसते आणि भोकावर जे असेल ते आत ओढलं जातं. पन्नासावरून तीसवर येताना सहा टक्के. सव्वासहा लिटरचे सहा टक्के म्हणजे पावणेचारशे मिली. तेवढं सगळं एका वेळी आत जात नसणार, पण आठवड्यातून दोनदा, दोन महिने, थोडं थोडं. तापलेल्या काठीसकट कलंडलो की तोच प्रकार खाऱ्या पाण्याने. काठी श्वास घेत होती आणि मी प्रत्येक वेळी तिच्या नाकावर पाणी धरत होतो.

१५ जून, रविवार

भोक नेमकं कुठे? कॉलर आणि नळीच्या मधून, की रिव्हेटमधून? दोन्हीचा उपाय वेगळा. त्यासाठी दाब हवा, पण थोडा आणि मोजता येणारा. सायकलच्या पंपाने बुचं उडतील.

आत्याचं जुनं बीपीचं मशीन. हातपट्टा फाटलाय, पण रबरी फुगा आणि काटा ठणठणीत. तिच्याकडे आता बॅटरीवरचं आहे, तेव्हा हे मिळालं. भाच्याने त्याच्या सरांना विचारून शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोठं रबरी बूच आणलं, मधोमध भोक असलेलं. त्यात काचेची नळी, तिच्यावर मशीनचा रबरी पाइप. काठीचं खालचं बूच पुन्हा काढलं (सिलिकॉनसकट, खरडून) आणि तिथे हे बसवलं.

फुगा दाबत गेलो. वीस वेळा, पंचवीस वेळा. काटा नव्वदच्या पुढे गेला आणि बूच भस्सकन उडून आत्याच्या तुळशीपाशी पडलं. भाचा हसून लोळला. हिशेब केला तर बरोबरच आहे : पाऱ्याच्या शंभर मिमीचा दाब या व्यासाच्या बुचावर दोन किलोच्या वर रेटा देतो. सुतळीने पाळण्यासारखं बांधलं, मग राहिलं.

शंभरला थांबवलं. चार मिनिटांत साठ. मग भांडी घासायच्या लिक्विडचा फेस ब्रशने सगळीकडे लावला. वरच्या बुचाला काही नाही. कॉलरच्या कडेला काही नाही. रिव्हेटचं डोकं, मधोमध एक बारीक खळगा. त्या खळग्यात फेसाचा एक बुडबुडा उगवला, तुरीच्या डाळीएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, फुटला, आणि त्याच्या जागी दुसरा. रिव्हेटच्या कडेने नाही, रिव्हेटच्या पोटातून. ओला अंगठा त्या खळग्यावर दाबून धरला. काटा जागच्या जागी थांबला. अंगठा उचलला, काटा निघाला. दहा वेळा तरी केलं असेल, उगाच, मजा म्हणून.

पॉप रिव्हेट कसा बसतो ते ज्यांनी मारलाय त्यांना माहीत आहे : मधली सळई रिव्हेट गनने ओढली जाते, तिचं डोकं मागच्या बाजूने नळकांडं फुगवतं आणि सळई तुटते. तुटलेला तुकडा आतच अडकून राहतो, तोच त्या नळकांड्याचं बूच. साध्या रिव्हेटची सळई साध्या लोखंडाची. समुद्रात ती गंजते, बारीक होते, आणि एक दिवस सुटून आत पडते. मग राहतं ते बारीक आरपार भोक, बाहेरून दिसायला अगदी धडधाकट रिव्हेट.

बूच सोडून काठी उलटी करून आपटली. टिण् करून फरशीवर पडला : तांदळाच्या दाण्याएवढा, तांबूस काळा, गंजलेला तुकडा. संध्याकाळी काकांच्या हातावर नेऊन ठेवला. त्यांनी बघितला, परत दिला, म्हणाले, "वाळू."

एक गंमत नोंदवून ठेवतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. अंगठा दाबून धरला असताना एकदा काटा आपोआप चढायला लागला, ९२ वरून १०४. वाटलं मशीन बिघडलं. मग कळलं की ढग बाजूला होऊन ऊन पडलं होतं. बंद नळीत एका अंशाला जवळजवळ तीन मिमी दाब बदलतो. तेव्हा ही चाचणी सावलीत करावी, नळीला सारखा हात लावू नये, आणि शेजारी थर्मामीटर ठेवावा. नाहीतर ऊन पडलं की गळती "बरी" होते आणि ढग आला की पुन्हा सुरू.

२९ जून, रविवार

रिव्हेट ड्रिलने काढला. कॉलर सरकवली. खाली पांढरी पावडर, खडूसारखी, बोटाला लागते. अ‍ॅल्युमिनियमची गंज. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजत जातं. पावडर घासून काढल्यावर भोक गोल राहिलेलं नाही, अंडाकृती झालंय, कडेला खड्डे. चीर नाही. भाच्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून तीनदा बघितलं, नाही.

पण लेझरची वरची काठी मोडते ती बहुतेक इथेच. सगळ्यात जास्त वाक कॉलरपाशी, आणि नेमकं तिथेच भोक पाडलेलं. त्यामुळे त्याच भोकात जाडा रिव्हेट कोंबायचा विचार सोडला. जुन्या लेझरवाल्यांचा उपाय आहे तो करणार : काठी उलटी करायची. नळी दोन्हीकडून सारखीच आहे. वरचं टोक खाली, कॉलर नव्या टोकाला, नवं भोक. झिजलेलं भोक टोकाजवळ जातं, तिथे ताण फारसा नाही.

नवं भोक कुठल्या बाजूला? शीड काठीचं टोक मागे ओढतं, म्हणजे काठी पुढच्या अंगाने ताणली जाते आणि मागच्या अंगाने दाबली जाते. भोक मागे. दाबल्या जाणाऱ्या बाजूला चीर उघडत नाही. माझा जुना रिव्हेट पुढे होता; बहुधा मीच कधीतरी काठी फिरवून बसवली असेल.

१२ जुलै, शनिवार, मुंबई

नागदेवी स्ट्रीट. बंद तोंडाचे रिव्हेट हवे होते : ज्यांचं मागचं टोक कपासारखं बंद असतं, सळई गंजली काय आणि पडली काय, पाणी आत जात नाही. पहिल्या तीन दुकानांत "रिव्हेट म्हणजे रिव्हेट". चौथ्यात काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेटजींनी चष्म्यावरून बघितलं. "टाकीसाठी पायजे का?" म्हटलं, बोटीसाठी. "मग सील्ड बोला ना सरळ." खोक्यातून काढून दिले, ४.८ मिमी. कमीत कमी शंभर. मला दोन लागणार होते. उरलेले अठ्ठ्याण्णव कुणाला हवेत?

शिवाय पॉलियुरेथेन सीलंटची एक ट्यूब, ४.९ चं ड्रिल, झिंक क्रोमेट प्रायमरचा लहान डबा. सिलिकॉन परत घेतलं नाही. तो व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड, अ‍ॅल्युमिनियमजवळ नकोच. आणि सिलिकॉन जिथे एकदा लागलं तिथे नंतर दुसरं काही चिकटत नाही.

२० जुलै, रविवार

सासवण्याला जायचं होतं. गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंदच असतात, आणि भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बोट आज हवामानामुळे रद्द. घरी बसून फोमबद्दल विचार केला. नळीत फोमचे रॉड भरून टाकले तर गळली तरी पाणी मावणार नाही. मोहात पाडणारी कल्पना. पण फोम आणि नळीच्या मधल्या फटीत जे खारं पाणी अडकेल ते कधी सुकणार? आणि शर्यतीत उतरायचं तर वर्गाचे नियम आधी वाचायला हवेत. नको. नळी रिकामी, कोरडी, बंद.

३ ऑगस्ट, रविवार

मुख्य काम आज. नळी आतून गोड्या पाण्याने तीनदा धुतली, लांब वेळूला फडकं बांधून पुसली, दोन दिवस ओसरीत आडवी ठेवून आत पंख्याचा वारा. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात काही सुकतं म्हणणं धाडसाचं आहे, पण फडकं कोरडं आलं.

कॉलरची जागा जुन्या टोकावरून मोजून नव्या टोकाला मिलिमीटरला मिलिमीटर आणली. इथे चूक झाली तर काठीची उंची बदलते. मध्यबिंदू टोचून घेतला, आधी ३ चं ड्रिल, मग ४.९ चं. भोकाच्या कडेला प्रायमर, सुकू दिला. कॉलरच्या आतून सीलंटचा पातळ थर, रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून भोकात, गन दाबली. टक्. सीलंट कडेने कडबोळ्यासारखं बाहेर आलं, बोटाने गोल पुसलं. जुन्या भोकातही एक सील्ड रिव्हेट, भरपूर सीलंट. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं. या महिन्यात तरी त्याची उपासमार नाही, तासाभरात वर साय धरली.

खालच्या टोकाचं बूच सीलंट लावून ठोकलं. रबरी बूच यावेळी वरच्या टोकाला, म्हणजे दाब तिथून द्यायचा.

खालची काठी आणि बोटीतलं डोलकाठीचं घर, दोन्हीकडे आज ओझरतं बघून घेतलं. घरात काठोकाठ पाणी भरून खूण केली. ते उतरलं तर पाणी बोटीच्या पोटात जातंय, आणि तो आजार फार मोठा. सकाळी बघू. खालच्या नळीचं वरचं तोंड उघडंच असतं, ती हवाबंद होणं शक्य नाही. बूमचा (शिडाच्या तळाची आडवी काठी) सांधा जिथे बसवलाय तिथले रिव्हेट साधे आहेत, पण अजून शाबूत. त्यांच्या खळग्यांत सीलंटचा एकेक थेंब दिला.

४ ऑगस्ट, सोमवार

डोलकाठीच्या घरातलं पाणी खुणेवर. सुटलो.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

सीलंटला पाच दिवस मिळाले. ओसरीत, सावलीत, थर्मामीटर शेजारी. बीपी शंभरवर नेला. एका तासाने ९७. थर्मामीटर एक अंशाने उतरला होता. म्हणजे गळती नाही. आत्याला काटा दाखवला. "माझं असं एक तास राहिलं असतं तर डॉक्टरने गोळ्या बंद केल्या असत्या."

काका सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन निघाले होते, थांबून काठी बघितली. त्यांच्या तरुणपणी डोलकाठी लाकडाची, ती पोकळ नव्हती की बुडायची नव्हती. बोटीच्या फळ्यांच्या फटीत मात्र दरवर्षी कापूस ठोकायचा आणि वर राळ-तेल. "पण दरवर्षी," असं दोनदा म्हणाले.

वरच्या टोकाचं बूच सीलंट लावून बसवलं. आता नळी दोन्हीकडून बंद.

१७ ऑगस्ट, रविवार

आणि हेच शेवटचं बूच तपासलेलं नव्हतं! रबरी बूच तिथेच होतं, त्यामुळे बीपीच्या मशीनला ते टोक कधी दिसलंच नाही. हे काल रात्री अंथरुणात लक्षात आलं.

दोन तास ऊन होतं. काठी अंगणात तापू दिली, हात लावेना इतकी. मग भाचा आणि मी ती विहिरीवर नेली आणि दोर बांधून आत सोडली. आधी एक टोक खाली, मग दुसरं. रिकामी नळी पाण्यात जाईचना, चार-साडेचार किलोंनी वर ढकलत होती. दर बाजूला दहा मिनिटं बांबूने दाबून धरली. बाहेर काढून कानाशी हलवली. कॉलरच्या बाजूला काही नाही. वरच्या टोकाला अगदी बारीक, दोन चमचे असेल, असा आवाज.

बूच काढलं. नळीच्या कडेला आतून एक चकाकता पापुद्रा, नखाने सोलला जाणारा. सिलिकॉन. पंचवीस मेचं, माझंच. काठी उलटी केली तेव्हा जे टोक वर आलं ते तेव्हाचं खालचं टोक, मी बुचासकट सिलिकॉन खरडलं होतं, पण पूर्ण नाही. जिथे ते राहिलं तिथे नवं सीलंट नुसतं टेकून बसलं होतं, धरलं नव्हतं.

ब्लेड, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग फडकं, मग पुन्हा पॉलिश पेपर. ॲसिटोनने सिलिकॉन विरघळत नाही, तो नाद केला नाही. बूचही नवं घातलं, जुन्यावर थर होताच.

२४ ऑगस्ट, रविवार

पुन्हा ऊन, पुन्हा विहीर. कोरडं. भाचा म्हणाला, आता गणपतीत आरास करायला ही नळी वापरू. हातही लावू दिला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पाण्यात. वारा नावाला. निघायच्या आधी वरची काठी काट्यावर : २.८६ किलो.

किनाऱ्यापासून थोडं लांब, पोहता येईल एवढ्या पाण्यात मुद्दाम बोट आडवी केली आणि तशीच ठेवली. काठीचं टोक पाण्यावर पसरलेल्या शिडाच्या खाली, वर-खाली, वर-खाली, लाटेबरोबर. दहा मिनिटं धरून बसलो. टोक गेलं नाही. डॅगरबोर्डवर चढून वजन टाकलं, उठली. पाच वेळा कलंडवली. काका मचव्यावरून जाताना ओरडले, "काय रे, विसरलास का कशी चालवायची?"

शीड उतरवून काठी पुसली, सावलीत ठेवली. हो, सावलीत, आणि पाइपचं पाणी थंड झाल्यावर. काटा : २.८७. दहा ग्रॅम वाढ कॉलरमागे अडकलेल्या वाळूची असावी. हलवून बघितली, आवाज नाही.

खालच्या काठीच्या तळाचं बूच सैल झालंय, खाली टेकवली की डबडब होतं. दिवाळीनंतर बघतो. रिव्हेट आहेतच.